तिसरा हात

भाचीच्या नवजात बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घेतलं. "आजी, कापूस दाबून धरा. सारखं उचलून बघू नका," सिस्टर म्हणाली. 'आजी' मी ऐकून सोडून दिलं. टाच माझ्या दोन बोटांत मावत होती. रक्त चटकन थांबलं.

"एवढ्याशा जिवाचं इतक्या लवकर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त गोठवणारं सामान बाळात मोठ्यांपेक्षा कमी असतं, पण गोठू न देणारंही कमीच. म्हणून निभतं. व्हिटॅमिन के मात्र फारच थोडं, ते जन्मताच टोचतो."

म्हणजे चार भांड्यांवर मांडलेला नवा संसार.

माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेते. बाळाला टोचलेलं तेच व्हिटॅमिन पालेभाजीतून जास्त गेलं तर गोळी निकामी होते, म्हणून माझी मेथी ठरलेली, मूठभर. तसंही घरात खाणारी मी एकटीच.

संध्याकाळी तीच मूठभर चिरताना विळीने बोट कापलं. दाबून धरलं, उचलून बघितलं नाही. रक्त थांबेना, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला. एक हात कापलेला, दुसरा दाबणारा. गॅस बंद करायला तिसरा लागतो.

सकाळी बाळाचा तिसरा हात मी होते.