शेठचा धूप आणि कपाटाएवढा कॉम्प्युटर

पर्वत पाटियाजवळच्या ज्या रंगाच्या मिलमध्ये मी साफसफाई करते, तिथे एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबलावरचा नव्हे, लोखंडी कपाटाएवढा. ऑफिसात सगळ्यांकडे नवे आहेत, पण जुन्या साड्यांच्या रंगांची मापं याच्याच पोटात आहेत आणि ती बाहेर कशी काढायची हे आता कुणालाच ठाऊक नाही. म्हणून त्याला एसीची खोली आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात. शेठ रोज सकाळी त्याच्या पायाशी चंदनाचा धूप लावतात, हात जोडतात. माझ्या नवऱ्याला कापड विणायच्या त्याच्या लूमवर एवढा मान मिळाला असता तर तो घरी आलाच नसता.

उन्हाळ्यात हा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. मग ऑफिसात जो तो डॉक्टर झाला. एकाने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. दुसऱ्याने त्याचं तोंड पूर्वेला फिरवायला सांगितलं. शेठने धूप वाढवला. सकाळी असायचा तो दुपारीही सुरू झाला. आजार आणखी वाढला.

शेवटी मॅनेजरने फरशी पुसणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"मासी, पोता मारताना तुम्ही पाणी जास्त नाखता. आत गेलं असणार."

मी मान खाली घातली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मॅनेजरला तीच कबुली वाटली. "तपासणीत पाणी निघालं तर दुसरं काम शोधा," म्हणाला.

घरी सांगितलं तर नवरा चिडला, "तू बोलनी का नही?"

तपासायला बारडोलीकडून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी कपाटाचं दार काढलं आणि यंत्राला स्वतःचीच परीक्षा घ्यायला लावली. दिवे ओळीने लागले, खडखड करत कागद बाहेर आला. सगळं पास. मॅनेजरने टाळी वाजवली. दार लावलं, आणि चहा संपायच्या आत यंत्र बंद. मिस्त्रींनी आतल्या सर्किटच्या पट्ट्या एकेक बदलून पाहिल्या. तरी तेच. दार उघडं असलं की पास, लावलं की नापास.

"काका, हे काय नाटक?" शेठ म्हणाले.

"नाटक नाही शेठ, याला श्वास मिळत नाही. कोंडला की तापतो."

त्यांनी खालून पंख्यापुढची जाळी ओढून काढली. तव्याच्या बुडासारखी काळी. सगळ्यांची नजर धुपाच्या वाटीवर गेली आणि तिथून लगेच छताकडे. शेठला कोण सांगणार?

मॅनेजर मात्र हुशार. "झाडूची धूळ आहे, काका. मासी फार जोरात झाडतात."

मिस्त्रींनी जाळी शेठच्या नाकापुढे धरली.

"वास घ्या."

शेठने डोळे मिटून वास घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे वाह! आ तो आपणो ज धूप!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहिलं? माझी सगळी पूजा याने आत जपून ठेवली!"

मॅनेजरने लगेच हात जोडले. शेठच्या पूजेला आता झाडूची धूळ कोण म्हणणार?

मिस्त्रींनी जाळी धुऊन बसवली, दार लावलं. यंत्र संध्याकाळपर्यंत चाललं. निघताना ते हळूच म्हणाले, "शेठ, धूप खोलीबाहेर लावला तर?"

"देव आत आणि धूप बाहेर?"

"मग जाळी रोज धुवावी लागेल."

शेठने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने माझ्याकडे. जाळी कशी काढायची ते त्यालाच गुडघ्यावर बसून मला दाखवावं लागलं. "मासी, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?" असंही म्हणाला. दुसरं काम शोधण्याचं मात्र त्याने परत काढलं नाही.

आता सकाळी शेठ धूप लावून गेले की मी जाळी काढून मोरीत धुते. पाणी काळंकुट्ट निघतं, पण वास फार छान येतो.