हाडांतला हवालदार

आमच्या सासऱ्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की आधी ती गोष्ट दमते, मग घरातली माणसं दमतात, आणि मामा मात्र तसेच ताठ उभे असतात. मी त्यांना मामाच म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन ते उंब्रजजवळच्या आपल्या गावी परतले त्याला जमाना झाला, पण फौज काही त्यांच्यातून बाहेर पडली नाही. उसाला पाणी देताना ते सऱ्यांना दरडावतात. म्हशीनं लाथ झाडली तर तिला समज देतात. एकदा माझी स्कूटर चढावर बंद पडली, तेव्हा मला खाली उतरवून मामांनी तिच्याकडे असं काही रोखून पाहिलं की पुढच्याच किकला ती मुकाट चालू झाली. योगायोग असेल. पण तेव्हापासून मी त्यांच्यासमोर पाठ सरळ ठेवून बसतो.

अशा या घरात गेल्या दिवाळीनंतर मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आता चालायला लागा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळाल." मामी पाय टेकवायला तयार होईनात. वॉकर आणला, तर म्हणाल्या, "त्या लोखंडाचा मला भरवसा न्हाई." मामांनी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "आवं, तुमीच वाळून काटकी झालाय. माझ्या वझ्यानं मोडाल की!" आख्ख्या पलटणीत सुभेदारांना असं कुणी बोललं नसेल. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

त्याच सुमाराला माझ्याबरोबर माझी मुलगीही सुट्टीला तिथं आली. ती सांगलीला कॉलेजात माशांच्या हाडांचा अभ्यास करते. असतो असाही अभ्यास. ती सहज बोलून गेली, "आजोबा, माशाच्या हाडात ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. आपल्याही हाडांत असतं."

"धरून ठिवतंय?" मामा ताडकन उठले. "म्हंजे हवालदारच की त्यो! कॅल्शियमला रांगेत उभा करणारा!"

"पण आजोबा, मासा खाल्ला म्हणून ते थेट आपल्या हाडात जात नाही, पोटात पचून जातं..."

हे ऐकायला मामा होते कुठं? ते चपला सरकवून कृष्णेच्या काठाला निघाले होते.

अडचण एकच होती. मामी माळकरी. त्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मामांना मासा खायचाच झाला तर गोठ्यामागं तीन दगडांची चूल, वेगळं भगुलं, आणि खाल्ल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मामांनी चिलापी माशाचे काटे उन्हात खडखडीत वाळवले, गोठ्यामागंच दगडावर कुटले आणि पांढरी भुकटी बरणीत भरली. ती बरणी पाहून मला भलतीच शंका आली. हा माणूस मामींच्या आमटीत तर चिमूट टाकणार नाही? मी त्यांना बाजूला घेऊन विचारलंच. मामा असे भडकले म्हणता!

"पाव्हणं, सरहद्दीवर शत्रूलाबी कवा पाठीमागनं हात लावला न्हाई. बायकूला फसवू व्हय?"

आणि तडक बरणी घेऊन गेले. उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्यांनी मामींना सगळं उघड सांगितलं आणि विचारलं, "घेतीस का?"

मामींनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "आवं, हाडं हितंच जळायची. माळ संगं यायची हाय. तुमीच सांगा, काय करू?"

"बरं," मामा म्हणाले आणि फिरले.

आम्हाला वाटलं, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागं धूर. जाऊन बघतो तर मामा स्वतःच काट्यांसकट मासा चावत बसलेले. मुळात त्यांना मासा फारसा आवडत नाही. डोळ्यांतून पाणी, घशात काटा, पण माघार नाही.

"अहो मामा, दुखणं मामींचं आणि औषध तुम्ही खाताय?"

"मग? तिनं धरायचं कुणाला? मलाच न्हवं?" मामा खोकत म्हणाले. "हवालदार माझ्या हाडात भरती झाला तरी चालतंय की!"

मी खो खो हसलो. मग त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला.

पुढं रोजचा क्रम ठरला. मासा, गार पाण्यानं अंघोळ, धुतलेलं धोतर, आणि मग मामींच्या खाटेसमोर हात आडवा धरून सावधान. "धर." "न्हाई." "बरं." सगळा हिवाळा हेच. त्या गार पाण्यानं मामांना सर्दी जडली, तरी शिंकायचे ते सावधानमध्येच. आणि एका सकाळी मामींनी बाजारात वांगं दाबून बघावं तसं त्यांचं मनगट दाबून पाहिलं.

"जरा भरल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या, आणि पाय जमिनीला टेकवला. मामांचा हात तसूभर हलला नाही.

आता मामी चालतात. मुलगी अजून पचनसंस्था समजावू बघते; मी तिला गप्प बसवतो. मामांचा मासा काही सुटलेला नाही.

परवा मामा बाजाराला गेले होते. मी मागच्या दारी गेलो तर मामी एकट्या, काठीशिवाय, गोठ्यामागं पोचलेल्या. चुलीचे सरकलेले दगड नीट लावून त्या शेजारी वाळक्या काटक्या रचत होत्या, उद्याच्या माशासाठी. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"त्यास्नी सांगू नगा, पाव्हणं."

थोड्या वेळानं फाटक वाजलं. मामी लगबगीनं खाटेवर येऊन बसल्या आणि मामा दारात दिसताच त्यांनी हात पुढं केला.

"धरा जरा. एकटीला जमत न्हाई."

मामांनी पिशवी खाली ठेवली आणि ताठ झाले.