उजेड कोंडायच्या तुकड्याला लावलेलं कुंकू

त्या खंडेनवमीची आठवण झाली की आजही माझं डोकं उठतं. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून वहीत लिहिते.

सांगलीच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. झाडणं, पुसणं, काचेची भांडी धुणं. आष्ट्याहून रोज एसटीनं यायचे. शिक्षण चौथी, त्यात बोलायची भीड. कुणी विचारलं तरच तोंड उघडायचं. तिथं शिकवणाऱ्या एका मॅडमची पीएच.डी. चालली होती. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यात उजेड कोंडायचा, हे त्यांचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चार दिवस माहेरी पाठवायला हवं.

पण त्यांनी नीट समजावलं. तुकडा जहाल ॲसिडात ठेवून वीज सोडली की त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वीज कमी तर भोकं बारीक, जास्त तर मोठी. आलटून पालटून केलं की थराखाली थर होत जातात. वरचे थर ही एक भिंत, खालचे थर ही दुसरी, मधला जाड थर म्हणजे खोली. तिची जाडी मॅडम आधी आठ-आठ दिवस गणितं करून ठरवायच्या. जमली तर एका ठरावीक रंगाचा उजेड आत शिरून दोन भिंतींमध्ये आपटत राहतो, लवकर सुटत नाही.

ॲसिडापाशी मॅडम, वीज कमी-जास्त करायच्या बटणापाशी मी. थर मोजताना त्या चुकायच्या, म्हणून मी दोन वाट्या आणल्या. दर थराला ज्वारीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. त्या हसल्या, पण मोजणी चुकायची बंद झाली.

तरी वर्षभर तुकडे बिघडतच राहिले. कधी मध्येच लाइट गेली, कधी ॲसिड जुनं निघालं, एक चिमट्यातून निसटून फुटला. शेवटी एक जमला. तिरपा धरला की हिरव्याचा निळा व्हायचा. तो तपासायचं यंत्र पुण्याला होतं आणि तिथला नंबर मिळाला होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. तो हुकला तर पुढचा उन्हाळ्यात, आणि मॅडमची प्रबंध द्यायची मुदत संक्रांतीलाच संपत होती. मग सगळी वर्षं पाण्यात.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. विभागाचे मोठे सर, वयानं थोर, मनानं फार चांगले. ताट मी धरलेलं. सरांनी वजनकाट्याला, मायक्रोस्कोपला, पंपाला हळदकुंकू लावलं. मग मॅडमच्या टेबलाशी येऊन त्यांनी तुकड्याची डबी उघडली.

"सगळ्यात मोठं काम तर हे! याला कोरडं ठेवता होय?"

मला कळत होतं. भोकांत ओलं कुंकू गेलं की संपलं. सरांनी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं. मी ताट घट्ट धरून उभी. "सर" एवढा शब्दही फुटेना. तेवढ्यात मॅडम आत आल्या. मला वाटलं, सुटलो. त्यांनी पाहिलं, पांढऱ्याफटक पडल्या, आणि सरांनी कुंकू टेकवताच पदर सावरून तुकड्याला नमस्कार केला!

सर गेल्यावर त्या रडल्या. "मावशी, तुम्ही डबी लपवायची होती हो."

"आवं, तुमी तर म्होरंच हुता की!"

"सरांना मी कसं बोलणार?"

"मग मी कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी नवा तुकडा करायचा ठरलं. सिलिकॉनही तेवढंच उरलं होतं. दसऱ्याला सकाळी मी पुरण सासूबाईंवर टाकून निघाले, तर मालक दारात.

"सणाचं कॉलेज उघडं असतंय व्हय?"

"उजेड कोंडायला चाललेय."

"आधी घरातला उंदीर कोंड की!"

वरची भिंत झाली. खोली झाली. खालची भिंत चालू असताना, पहिल्या वाटीत सात दाणे, म्हणजे सात थर, राहिले आणि लाइट गेली. ती येईपर्यंत तुकडा आत ठेवावा तर तोवर झालेले थर ॲसिड खाणार. मॅडमनी तो तसाच बाहेर काढला आणि धुतला. तोच घेऊन त्या पुण्याला गेल्या.

तिसऱ्या दिवशी परतल्या तेव्हा हातात आलेखाचा कागद होता. जिथं रेघेला खोल खड्डा पडायला हवा, तिथं उथळ खळगा. उजेड कोंडला होता, पण खालून गळत होता. पीएच.डी.चं मार्गदर्शन करणाऱ्या त्यांच्या पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं, कोंडला एवढं दिसतंय, लिहायला घ्या. म्हणजे मुदत सांभाळली गेली. आमचे मोठे सर कागद बघून खूश झाले.

"बघा! पूजेचं फळ!"

"हो, सर," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या कागदात बघत राहिल्या. मी बादली उचलली आणि बाहेर जाऊन अशी आदळली की निम्मं पाणी व्हरांडाभर झालं. तेही मलाच पुसावं लागलं.