मात्रेचं बोट

प्रफुल्लच्या डाव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून गेलं. मालकाने ऑफिसात बसवायची तयारी दाखवली, पण मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आण म्हणाला. म्हणून चाळिशीला टेकलेला प्रफुल्ल द्वारका चौकाजवळच्या टायपिंग क्लासमध्ये जाऊन बसला.

मिनिटाला तीस शब्द हवे होते. तो अठरावर अडकला. शिवाय ‘पंचवटी’चं ‘पचवटी’ व्हायचं, ‘वेळ’चं ‘वळ’.

‘‘ज्याचं बटण त्याच बोटाने दाबायचं,’’ क्लासच्या हर्षाली मॅडम सवयीने म्हणाल्या.

‘‘आणि ते बोटच नसेल तर?’’

मॅडम ओशाळल्या. मग त्याचा हात बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. एक मात्रा आणि अनुस्वार, दोन्ही नेमके त्याच बोटाकडे येत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच्या त्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून आल्या. ‘‘बघू तरी, काय होतंय ते.’’ ते बोट न वापरता त्यांचा वेग निम्म्यावर आला. क्लासमधल्या पोरी हसल्या, मॅडमही हसल्या.

प्रफुल्ल त्या दोन्ही खुणा मधल्या बोटाने मारायचा. ते जवळचं, बळकट बोट. मग अडतंय कुठे? त्याने मोबाइल टेकवून हाताचा व्हिडिओ काढला आणि घरी बायको अंजलीबरोबर सावकाश चालवून पाहिला.

‘‘अहो, हे मधलं बोट बघा ना, नुसतं धावतंय,’’ अंजली म्हणाली. ‘‘आणि करंगळी? ती तर पाहुण्यासारखी बसलीय.’’

खरंच होतं. काना, पाय मोडायची खूण, ‘म’ हे आधीच मधल्या बोटाकडे. त्यात त्याने मात्रा आणि अनुस्वारही त्याच्याच गळ्यात घातले होते. करंगळीला अधूनमधून एखादा ओकार, बास.

‘‘करंगळीला द्यायचं?’’ त्याने मॅडमना विचारलं.

‘‘पुस्तकात नाही तसं. पण द्या.’’

आधी वेग बारावर घसरला. करंगळी ठणकायची, जेवताना भाकरी मोडवेना. सोडून द्यावं असंही वाटलं. पण दर शनिवारी आकडा थोडा वर सरकलेला दिसायचा, आणि पुढच्या शनिवारी काय दिसेल ही उत्सुकता त्याला परत क्लासात आणायची. परीक्षेत मिनिटाला तेहतीस शब्द आले. आता तो कारखान्याच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसतो.

हल्ली त्याला वेगळंच कोडं पडलंय. समोरचा कागद पाहून टाइप केलं तर एक वेग, आणि अंजलीने तोच मजकूर वाचून दाखवला तर जास्त. कान डोळ्यांपेक्षा पुढे कसे? परवा मुद्दाम क्लासात जाऊन त्याने मॅडमना विचारलं.

‘‘मला नाही सांगता येणार,’’ त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून घेतली. ‘‘बसा. मी वाचते.’’