सुनाकमावशीने ओळखलेला वारा

कोणत्या दिवशी समुद्रात उतरायचं आणि कधी बाहेर यायचं, हे आमच्या गावात सुनाकमावशी ठरवायची. ना मुखिया, ना पोलीसठाणं, आणि नवरे तर नाहीतच. कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर बुडी मारून शिंपले-कालवं काढणं हे बायकांचं काम, आणि आमच्या गावातल्या बुडी मारणाऱ्यांची म्होरकी होती ह्यन सुनाक, माझ्या आईची धाकटी बहीण. पहाटे ती किनाऱ्यावरच्या खडकावर उभी राहून वारा हुंगायची. "आज नाही," म्हणाली की सगळ्या बायका मुकाट्याने रताळी खणायला जायच्या.

पाण्याच्या दाबाने तिचा एक कान गेला होता, त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच. तिच्या शिव्या शेजारच्या गावात ऐकू जायच्या. नवरा मून गीबाँग अगदी उलट. घर, चूल, गाय सगळं त्याच्याकडे. "माझ्याकडे दोन गाई आहेत," मावशी म्हणायची, "एकीला दाढी आहे." गीबाँगकाका हसायचा आणि तिच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढायचा.

जपान्यांचं राज्य होतं आणि त्यांची लढाई सगळ्या जगाशी चालली होती. त्या लढाईसाठी आधी आमची पितळेची भांडी गेली, मग जव गेले, मग जवान पोरं गेली. मावशीची एकुलती एक मुलगी बुनिम माझ्याच वयाची. तिचा नवरा मानबोक, त्यालाही जपानातल्या कोळशाच्या खाणीत नेलं. तेव्हा बुनिमला नुकतेच दिवस गेले होते.

आता आणखी काय नेणार, असं वाटत असताना अराई आला. तो आमच्यातलाच, पाकांचा मुलगा, जपानी नाव घेऊन अराई झालेला. माल गोळा करून सरकारला पोचवणं हे त्याचं काम. बुड्या मारून आल्यावर आम्ही दगडी भिंतीच्या आडोशाला शेकत बसायचो, तिथे पुरुषाला मज्जाव होता. तो भिंतीबाहेर उभा राहूनच बोलला.

"शिंपले बंद. यापुढे फक्त गामते कापायचं."

गामते म्हणजे समुद्राच्या तळावर माणसाएवढं उंच वाढणारं चामट शेवाळ. एरवी ते वादळाने किनाऱ्यावर आलं की आम्ही शेतात खत म्हणून टाकायचो.

"ते सुकवून जाळायचं. राखेपासून कारखान्यात दारूगोळा बनतो."

"अगं बाई!" एक म्हातारी ओरडली. "म्हणजे जन्मभर आम्ही डोक्यावरून तोफा वाहिल्या की! कुणी शिंकू नका गं, उडेल सगळं!"

बायका हसून लोटपोट झाल्या. अराई पुढे म्हणाला, "गावाला ठरवून दिलेला वाटा पुरा झाला तर इथले पुरुष बेटाबाहेर नेणार नाहीत. ना खाणीत, ना फौजेत."

हसू विरलं. मावशी उठून भिंतीपाशी गेली.

"शब्द देतोस?"

"साहेबांचा शब्द आहे, मावशी."

"साहेब राहू दे. तुझ्या आईच्या बाजूला बुड्या मारल्यात मी. तुझा दे."

त्याने मान खाली घालून दिला.

त्या हिवाळ्यात आम्ही समुद्राचा तळ भादरून काढला. किनाऱ्यावर सतत गामते जळत असायचं, आणि त्या धुराने डोळे सुजायचे. पोटात नीट जेवण नाही, अंगावर सुती कापड, पाणी सुरीसारखं. आणि ज्या दिवशी मावशी पूर्वी "आज नाही" म्हणाली असती, त्या दिवशी ती "उतरा" म्हणू लागली.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी वायव्येचा वारा होता. मावशीने खडकावर उभं राहून वारा हुंगला, पुन्हा हुंगला. दुसऱ्या दिवशी अराई माल तोलायला येणार होता आणि आमचा वाटा कमी भरत होता.

"उतरा," ती शेवटी म्हणाली. "पण खाडीच्या आतच."

बुनिमचं पोट चांगलंच दिसू लागलं होतं. आमच्याकडे बायका कळा सुरू होईपर्यंत बुड्या मारतात, त्यात नवल नव्हतं. पण खाडीच्या आत कापायला उरलंच नव्हतं. ती बाहेरच्या खडकाकडे सरकली. मी तिच्यापासून जवळच होते.

वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना प्रत्येकीची शीळ वाजते, आणि ती कुणाची ते लगेच ओळखू येतं. बुनिमची बारीक, पाखरासारखी. ती मी ऐकली. मी खाली जाऊन वर आले, वाट पाहिली. आधाराला पाण्यावर सोडलेल्या तिच्या भोपळ्याशी कुणीच नव्हतं.

मी ओरडले. मावशीने बुडी मारली आणि लेकीला वर आणलं. विळ्याची दोरी मनगटाला, आणि त्या दोरीला गामते गुंडाळलेलं. आम्ही तिला शेकोटीपाशी निजवून अंग चोळत राहिलो. गीबाँगकाका धावत आला, तोवर ती गार पडली होती. आपला कोट काढून त्याने लेकीच्या पोटावर घातला.

मूठमातीनंतर थोड्याच दिवसांत अराई शिपाई घेऊन आला. दक्षिणेच्या कड्याखाली भुयारं खणायला पुरुष हवे होते. गीबाँगकाकालाही रांगेत उभं केलं. मावशी अराईच्या आडवी आली.

"शब्द दिला होतास."

"बेटाबाहेर कुठे नेतोय, मावशी? बेटावरच आहेत."

"तुझी आई आधीच मेली ते बरं झालं," मावशी म्हणाली आणि बाजूला झाली.

बुड्या थांबवल्या असत्या तर गावाचं रेशन बंद झालं असतं. मावशी पाण्यात जात राहिली. पण गरोदर बायकांना आणि तापाने फणफणलेल्यांना ती शेकोटीपाशी बसवून ठेवायची, आणि त्यांच्या वाट्याचं स्वतः कापून आणायची. नाकातून रक्त यायचं. कुणी "पुरे" म्हटलं की खेकसायची, "तू गप बस, नाहीतर तुलाच जाळून राख करते!"

ऑगस्टमध्ये लढाई संपली. अराई कुठे गेला ते कळलं नाही. गीबाँगकाका शरद ऋतूत परतला, उजव्या हाताची दोन बोटं चिरडलेली, छातीत खोकला. त्याने सांगितलं, की भुयारांत दारूगोळ्याने भरलेल्या लहान होड्या ठेवल्या होत्या, त्या अमेरिकी जहाजांवर नेऊन आदळायच्या होत्या. जहाजं आलीच नाहीत. अमेरिकी आले ते लढाई संपल्यावर, आणि त्यांनी सगळी दारू नेऊन समुद्रात बुडवली.

"सगळी?" मावशीने विचारलं.

"सगळी."

त्यानंतर कितीतरी दिवस ती अंथरुणातून उठली नाही.

वसंतात मानबोक आला. खाणीने त्याचा चेहरा काळाठिक्कर केला होता. त्याला कुणाचंच पत्र पोचलं नव्हतं. मी मावशीच्या अंगणात जव कांडत होते. तो फाटकातूनच हसत सासूला ओरडला, "आई, मुलगा की मुलगी?"

मी तोंड फिरवलं. काका आतून काहीतरी बोलू लागला, पण मावशीने त्याला हाताने थांबवलं. वाऱ्याला दोष देता आला असता, अराईला देता आला असता.

"दोघं गेली," ती म्हणाली. "वारा वाईट होता. मला कळलं होतं. तरी मी उतरा म्हणाले."

मानबोक ओट्यावर बसला. काकाने पुढे ठेवलेली पेज त्याने संपवली, वाडगं खाली ठेवलं आणि तो आपल्या गावाला निघून गेला.

म्होरकेपण मावशीने माझ्या आईला दिलं. दर वर्षी बुनिमच्या श्राद्धाला मानबोक येतो. नैवेद्याचा मासा मावशीच करते आणि काकाकरवी त्याच्यापुढे ठेवते. तो काकाशी शेतीचं, पावसापाण्याचं बोलतो. तिच्याशी एक शब्द नाही. तो जाईपर्यंत ती मागल्या दारी गाईपाशी बसून राहते.