आपांचा चष्मा घरी राहिला होता

आधी शमीम आपांचं नाव लिहिते, मग झालं काय ते सांगते. त्या नसत्या तर मी अमरावतीत आजही दाराला कडी लावून बसले असते.

आपा एकतीस वर्षं बडनेरा स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायच्या. निवृत्त झाल्या आणि शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर 'सांगा बरं' हा गप्पांचा कार्यक्रम करू लागल्या. नगरसेवक, नाटकवाले, भाजीवाल्या, कोणीही यायचं. लोक फोन करायचे. सुरुवातीला आपा स्टीलच्या ग्लासवर चमच्यानं तीनदा टण टण टण करायच्या आणि म्हणायच्या, "ध्यान देऊन आयका!" कॉलरची ओळखही गाडीसारखीच. "राजापेठेकडून येणारा कॉल लागून राहिला. मागं सरका, येऊ द्या त्याले." आणि दर वेळी न चुकता एक वाक्य यायचं, "एकतीस वर्षं माईकवर बसली, एक गाडी गलत प्लॅटफॉर्मवर नाई पाठवली."

मी राजापूरची, कोकणातली. आठवीनंतर शाळा सुटली. लग्न करून इथं अमरावतीला लागून असलेल्या बडनेऱ्यात आले तेव्हा नवरा अकोल्याकडं रस्त्याच्या कामावर, आठवड्यातून एकदा घरी. मला आधीच घाबरायची सवय, त्यात इथलं बोलणं. शेजारणीनं "काहून वं, बसून राहिली?" असं विचारलं की ती भांडतेय असं वाटायचं. दिवसभर सोबतीला रेडिओवरचा आपांचा आवाज.

एकदा मी कार्यक्रमात फोन लावला आणि तोंडातून शब्दच निघेना. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आपा माईकवरच म्हणाल्या, "या लाइनवर कोनीतरी हाय. सिग्नल लाल हाय त्याचा. काही हरकत नाही, मी थांबली." आणि खरंच थांबल्या. सगळं शहर थांबलं असं मला वाटलं. मी कसंबसं म्हटलं, "मला इथलं बोलणं कळत नाही."

"अरे बापा! मंग तं तू कामाची बाई हाय. ज्याले कळत नाही तोच ध्यान देऊन आयकते. उद्या ये."

अशी मी फोन घ्यायच्या खुर्चीवर बसले. काम सोपं. सगळ्यांना माईकवर घेणं जमायचं नाही, म्हणून बाकीचे कॉलर काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहायचं आणि काचेपलीकडं आपांच्या हातात द्यायचं. मला धास्ती एकच, चिठ्ठीवरून आपलं शिक्षण उघडं पडू नये. म्हणून लोक कसेही बोलोत, मी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध करून लिहायचे. आपा चिठ्ठी वाचून म्हणायच्या, "कोकणवाली, तुह्या चिठ्ठीतले लोक इस्त्री करून येतात वं."

त्या दिवशी पाणीपुरवठ्याचे एक साहेब पाहुणे होते. चिंचेवाल्या गल्लीची पाइपलाइन फुटली होती आणि त्यांची माणसं चार दिवस चिखलात उभी राहून ती जोडत होती. साहेबांचे डोळे लाल, बुटांना चिखल. कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच गल्लीतून एकामागून एक चार फोन. चौघांचं म्हणणं एकच, "साहेबाले सांगा, आमच्याकडं नळ येऊन राहिले."

माझ्या कानात 'राहिले' तेवढंच पडलं. राहिले म्हणजे बाकी राहिले. मी सुवाच्य अक्षरात चार चिठ्ठ्या लिहिल्या, 'आमच्याकडे नळ यायचे राहिले आहेत.'

आपांनी चारही चिठ्ठ्या वाचल्या आणि साहेबांना सोललंच. "साहेब, चार दिवस! चार घरं कोरडी! तुमची गाडी निघाली कुठून आन अडकली कुठं?" साहेबांचा चेहरा उतरला. "अहो आपा, सकाळीच तर पाणी सोडलंय," एवढंच ते म्हणाले आणि खिशातला मोबाइल चाचपू लागले.

पाचवा फोन एका म्हातारीचा. ती मला दादच देईना, थेट आपांशीच बोलायचं म्हणाली. लाइन जोडली. "काय वं आपा! कोनं सांगतलं नळ नाही येत मनून? येऊनच तं राहिले! म्या दोन हंडे भरले आत्ता. त्या साहेबाले बिचाऱ्याले शाबासकी द्याले फोन करून राहिलो आमी, आन तू त्याले झापून राहिली!"

इथं 'येऊन राहिले' म्हणजे 'येत आहेत', हे मला तेव्हा कळलं. चार माणसांच्या आभाराची मी तक्रार केली होती. काचेबाहेर रेडिओचे व्यवस्थापक येऊन उभे राहिले होते. त्यांनी आपांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी नोकरी गेली हे मला दिसतच होतं. नोकरीहून जास्त, मला बाहेर काढणारं ते एकच दार बंद होत होतं.

आपांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग माईक जवळ ओढला. "ध्यान देऊन आयका. आज माझा चष्मा घरीच राह्यला. चिठ्ठी मीच गलत वाचली. साहेब, तुमच्या लोकाइले शाबास. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

चष्मा त्यांच्या गळ्यात होता, काळ्या दोरीला लटकलेला. रेडिओवर तो कोणाला दिसणार? साहेबांना दिसला. त्यांनी चष्म्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "होतं हो आपा. माझाही कधी कधी राहतो."

कार्यक्रम संपल्यावर मी रडत म्हटलं, "आपा, मी खरं सांगते सगळ्यांना."

"आत्ता सांगशील तं रडून सांगशील. रडण्यात काय आयकू येते लोकाइले? जिस दिन आवाज कापणार नाई, उस दिन सांग." मग चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. "आन आजपासून मानूस जसा बोलला तसाच लिही. त्याले सुधरवू नको. तुही मराठी तुह्याजवळ, त्याची त्याच्याजवळ. दोन्ही पोचल्या पाहिजे."

तेव्हापासून मी 'येऊन राहिले'ला 'येऊन राहिले' लिहिते. शेजारीण "काय करून राहिली?" म्हणाली की आता मीही ओट्यावर येऊन सांगते, वांगे चिरून राहिली. ती हसते. भांडत नव्हतीच ती कधी.

आपांचं मात्र एक बदललं. एकतीस वर्षांचं ते वाक्य त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा माईकवर कधीच म्हटलं नाही. बाजारात लोक चिडवायचे, "आपा, चष्मा आनला का?" त्या हसून गळ्यातला चष्मा दाखवायच्या आणि पुढं जायच्या. मी पिशवी धरून मागं असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आपा लेकीकडं बाळापूरला गेल्या. जाताना ग्लास आणि चमचा माझ्या हातात दिला. "वाजवजो वं. जोरानं." आता माईकवर मी बसते. आमचा रेडिओ जवळच्या चांदूर रेल्वे गावातही धड लागत नाही, बाळापूर तर अकोल्याच्याही पलीकडं. म्हणून कार्यक्रमाआधी मी त्यांना फोन लावते आणि तो स्पीकरजवळ उभा करून ठेवते. कार्यक्रम संपला की फोनमधून आवाज येतो, "आज तीन मिनिट लेट होती तू."

माझा आवाज अजून कापतो. पण आपा, कमी होऊन राहिला. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी ग्लासवर तीनदा चमचा वाजवीन आणि सगळ्या शहराला सांगीन की चष्मा तुमच्या गळ्यातच होता, चिठ्ठी माझी होती, आणि शमीम आपांनी एकतीस वर्षांत आणि त्यानंतरही एक गाडी चुकीच्या प्लॅटफॉर्मवर पाठवलेली नाही. फोन तेवढा कानाशी धरून ठेवा.