पिशवीवाली

"हीच ती पिशवीवाली," माझा वकील म्हणाला आणि माझा डॉक्टर हसला.

किहीमच्या एका बंगल्याची मागची पडवी. शनिवारी मुंबईची माणसं उतरली की तिथं मासळी मी पोचवते. सुरमईच्या तुकड्या करून द्यायच्या, जागा धुवायची, निघायचं. त्या दिवशी पाहुण्यांत हे दोघं होते, एकाच सोफ्यावर. एकानं माझं पोट फाडलं होतं. दुसऱ्याला त्याच्याविरुद्ध लढायला मी पैसे दिले होते.

डॉक्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "बरी दिसतेस की. उलट सुटलीस दर महिन्याच्या कटकटीतून."

बाजूच्या बायकाही हसल्या. माझ्या हातात कोयता होता. मी मान खाली घालून जागा धुतली. त्या खाली घातलेल्या मानेचा मला आजही संताप येतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे असंच म्हणतात. पोटात गाठ आहे, ती काढतो, असं सांगून त्यानं मला टेबलावर घेतलं. गाठीबरोबर पिशवीही काढली. नवरा खलाशी, तेव्हा समुद्रावर, त्याला विचारता आलं नसेल. पण मी तर शुद्धीवर होते ना आदल्या दिवशी? मला विचारायचं. एक मुलगी होती, दुसरं मूल हवं होतं. पाळी येईना म्हणून काही महिन्यांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं. आणि मी मूर्ख, बरी झाले म्हणून त्याच्या घरी हलवा माशाची जोडी नेऊन दिली होती. आमच्यात तशी रीत आहे.

अलिबागला कोर्टाजवळ हा वकील मोठा, असं सगळे म्हणाले. पाटल्या मोडून त्याची फी भरली. एसी बंद पडेल इतका वास येतो म्हणायचा आणि मला जिन्यात बसवायचा. मी बसायची. गेलं की एकच उत्तर. तू त्याला मासळी भेट दिलीस, म्हणजे तू खूश होतीस असं ते म्हणतील, म्हणून जरा थांबू. मी थांबले. साहेब साहेब करत थांबले.

किहीमहून आले त्या रात्री जेवले नाही. सोमवारी कोर्टात दुसरी वकील शोधली. तरुण बाई, टेबल झाडाखाली. फी विचारायच्या आधी मी एकच विचारलं.

"तुमी त्या डॉक्टरकडं जेवाला जाता का?"

"नाही," ती म्हणाली. "माझं बाळंतपणही तिकडं झालेलं नाही."

तिनं चौकशी केली. माझी तक्रार कुठंच दाखल नव्हती. ग्राहक आयोगात जायची दोन वर्षांची मुदत संपत आली होती. तो वकील माझ्यासाठी थांबत नव्हता. मुदत संपायची वाट बघत होता, माझ्याच पैशात.

मी टोपलीसकट त्याच्या ऑफिसात शिरले. काचेच्या दारातून आत, त्याच्या समोरच्या खुर्चीत. टोपली त्याच्या टेबलावर ठेवली. अशिलांनी नाकाला रुमाल लावले. तो म्हणाला, बाहेर बस. मी उठले नाही. या वेळी साहेबही म्हटलं नाही.

"माझं कागद दे. नायतर मी हितंच मासळी कापाला बसतंय."

कागद मिळाले. पैसे नाही मिळाले. वकिलांच्या बार कौन्सिलकडे त्याची तक्रार केली आहे, ती चालू आहे.

मुदतीच्या आत माझा खटला दाखल झाला. बाईंची फी मी बाजार झाला की हप्त्यानं देते. त्यांनी फुकट लढते म्हटलं असतं तरी मी दिली असती. आता मेहेरबानी कुणाची नको. तालुक्यातला एकही डॉक्टर माझ्या बाजूनं मत लिहून देईना, ते मुंबईहून आणलं.

डॉक्टरनं गावचे पंच पाठवले. मिटवून टाक, म्हणाले, गावाला एकच डॉक्टर आहे. मी त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. गावकीनं वाळीत टाकलं तरी चालेल, मासळी मी गावात विकत नाही.

मला भरपाई हवी. पै न पै हवी. पण आधी त्यानं आयोगासमोर उभं राहायचं. माझ्याकडे बघून सांगायचं की या बाईला मी विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, त्याच्या पेशंटांनी, पडवीतल्या त्या बायकांनी ते ऐकायचं. मग त्याचा परवाना. मग त्या वकिलाची सनद.

माफी मागायला येतील तेव्हा मी घरी असेन. दार उघडणार नाही.